एका वाक्यावर दोन हात

आपल्याबद्दल इतरांनी लिहायचे आणि आपण ते वाचत राहायचे, ही तक्रार आपल्या समाजात नवी नाही. ती संमेलनाच्या मांडवात ऐकू येते, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर ऐकू येते आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये तर रोजच ऐकू येते. तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकात, गॅझेटियरमध्ये, वर्तमानपत्रात काय छापून येते यावर उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या मास्तरांचा काय अधिकार चालणार? परंतु गेल्या दोन दशकांत या तक्रारीला एक अपवाद तयार झाला आहे आणि त्याकडे आपले लक्ष म्हणावे तसे गेलेले नाही. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी सुरू झाला आणि उर्दू विकिपीडिया जानेवारी २००४ मध्ये. या कोशाला पगारी लेखकमंडळ नाही. वाचकच लेखक. कोणी पदवी विचारत नाही, जात-जमात विचारत नाही, शिफारसपत्र मागत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांतले काही शिक्षक, घरात दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणारे, या कामाला लागलो ते याच कारणाने. दोन्ही भाषांच्या पानांवर हात चालेल अशी माणसे थोडी असतात, त्यांत आपण मोडतो, तर आपणच का लिहू नये, असा साधा विचार होता. लिहिणे सोपे निघाले. अवघड निघाले ते दुसरेच. जे पान आम्हाला बदलता येते ते इतरांनाही बदलता येते. आपण सकाळी लिहिलेले वाक्य संध्याकाळी कोणीतरी खोडलेले असते, किंवा त्यात असा एखादा शब्द घातलेला असतो की वाक्याचा रोखच फिरतो. अशा वेळी काय करायचे? आपल्या समाजाला इंटरनेटवर लिहायचे असेल तर टायपिंग शिकण्याआधी या प्रश्नाचे उत्तर शिकावे लागेल असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

आधी यंत्राची बाजू पाहू, कारण बरेच रुसवेफुगवे यंत्राची रीत न समजल्यामुळे होतात. एका दुपारी आमच्यापैकी तिघे एकाच पानावर काम करत होते. एका आपांनी दोन परिच्छेद लिहून जतन करायला बटण दाबले, तर समोर सूचना आली की तुम्ही लिहायला सुरुवात केल्यानंतर दुसऱ्या कोणीतरी हे पान बदलले आहे. वरच्या चौकटीत पानाचा आताचा मजकूर, खालच्या चौकटीत आपांचा मजकूर. आपा म्हणाल्या, “म्हणजे माझे लिखाण नाकारले?” त्यांचा चेहरा उतरला. वर्गात मुलाची वही तपासताना आपण लाल शाईने काट मारतो ना, त्याच नजरेने त्या त्या सूचनेकडे पाहत होत्या.

वास्तविक त्यात नकार काहीच नव्हता. आपण पान संपादनासाठी उघडतो तेव्हा त्या क्षणाची एक प्रत आपल्यासमोर येते. आपण अर्धा तास लिहीत बसतो. तेवढ्यात दुसऱ्या कोणी तेच पान उघडून, दोन ओळी बदलून जतन केले, तर आपल्या हातातली प्रत शिळी होते. यंत्र त्या वेळी तीन मजकूर ताडून पाहते: आपण सुरुवात केली तो मूळ मजकूर, दुसऱ्याने जतन केलेला मजकूर आणि आपला मजकूर. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बदल केले असतील तर यंत्र ते मुकाट्याने एकत्र करते आणि कोणाला कळतही नाही. मात्र दोघांचा हात एकाच ठिकाणी पडला असेल तर यंत्र हात टेकते. कोणते वाक्य ठेवावे हे त्याला कळत नाही, आणि ते कळल्याचा आवही ते आणत नाही. ते दोन्ही मजकूर माणसापुढे ठेवते आणि सांगते की आता तुम्ही ठरवा. नव्या पद्धतीत हे दोन मजकूर शेजारी शेजारी दोन रकान्यांतही दिसतात.

यावर उपाय साधे आहेत. संपूर्ण पान उघडण्याऐवजी हवा तो विभागच उघडावा. तासभर लिहून एकदम जतन करण्यापेक्षा थोडे थोडे जतन करावे. मोठे काम काढले असेल तर पानावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी आणि काम संपताच ती आठवणीने काढावी. बदल कशासाठी केला ते सारांशाच्या ओळीत चार शब्दांत लिहावे. आणि इतके करूनही टक्कर झालीच तर वरच्या चौकटीवर आपला मजकूर सरसकट चिकटवू नये. आधी दुसऱ्याने काय लिहिले ते वाचावे. आमच्या आपांनी त्या दिवशी वरची चौकट वाचली. तिथे त्यांच्याच एका सहकाऱ्याने एका नावाचे शुद्धलेखन दुरुस्त केले होते, बस्स. त्यांनी ती दुरुस्ती आपल्या मजकुरात घेतली आणि जतन केले. पाच मिनिटांचे काम होते. “वरची चौकट आधी वाचा” हे आमच्या मंडळींत त्या दिवसापासून म्हणीसारखे झाले.

खरी टक्कर होते ती वेगळीच. तिथे दोन माणसे एकाच क्षणी लिहीत नसतात. ती दिवसांच्या, कधी वर्षांच्या अंतराने लिहितात, पण एकमेकांचे लिहिलेले त्यांना मान्य नसते. एक लिहितो, दुसरा उलटवतो, पहिला पुन्हा उलटवतो. इंग्रजी विकिपीडियावर याला संपादनयुद्ध म्हणतात, आणि ही युद्धे किती क्षुल्लक कारणाने पेटतात याची एक यादीच तिथल्या लोकांनी गंमतीने करून ठेवली आहे. दह्याला इंग्रजीत ‘योगर्ट’ म्हणतात, त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ असावा की नसावा हा वाद २००३ पासून २०११ पर्यंत चालला. दही आपले वाटीत तसेच. असे वाद आवरावेत म्हणून तिथे २००४ मध्ये नियम झाला की एका माणसाने एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवू नयेत. उलटवले तर त्याला काही काळ लिहिण्यास बंदी होऊ शकते. वाद फारच चिघळला तर प्रचालक पानाला कुलूप लावतात. कुलूप लागते त्या क्षणी पान ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत. मग दोन्ही पक्ष एका सुरात ओरडतात की पान चुकीच्या अवस्थेत कुलूपबंद झाले! याही गोष्टीवर तिथे विनोदी लेखन झालेले आहे.

दह्यावरून हसता येते. पण सगळे वाद दह्याचे नसतात. काही वाद असे असतात की दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. पोलंडमधले बाल्टिक समुद्रावरचे ग्दान्स्क शहर घ्या. जर्मन भाषेत त्याचे नाव डान्झिग. शतकानुशतके तिथे जर्मन भाषकांची वस्ती आणि सत्ता, तर १९४५ नंतर ते पोलंडमध्ये. लेखात कोणते नाव लिहायचे यावरून इंग्रजी विकिपीडियावर एवढी खेचाखेची झाली की २००५ मध्ये मतदान घ्यावे लागले. निर्णय असा झाला की १३०८ ते १९४५ या काळातल्या घटनांविषयी लिहिताना डान्झिग म्हणावे, त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या काळासाठी ग्दान्स्क म्हणावे, आणि एकमेकांचे नाव पहिल्या उल्लेखात सोबत द्यावे. यात कोणाचे नाव पुसले गेले नाही. प्रत्येक नावाला त्याचे वर्ष मिळाले.

हे उदाहरण आम्हाला दूरचे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे शहर वसवले. त्याचा मुलगा फतेह खान याने त्याचे नाव फतेहनगर केले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर ते औरंगाबाद झाले, आणि २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. नामांतराविषयी प्रत्येकाचे मत आहे, आमच्यातही सगळ्यांचे एक नाही, आणि ज्ञानकोशाचे पान हे मत मांडायचे ठिकाणही नाही. पण पानावर लिहिताना प्रश्न समोर येतोच. आजच्या रेल्वेस्थानकाविषयी किंवा जिल्ह्याविषयी लिहायचे तर आजचे अधिकृत नाव लिहायला हवे. ते खोडून जुने नाव घालणारा हात आमचा असला तरी आम्ही त्याची बाजू घेणार नाही. उलट, अठराव्या शतकातल्या सिराज औरंगाबादींच्या पानावर जाऊन शायराचे नावच कोणी बदलू पाहील तर तोही बदल टिकू नये. शायराने आपले नाव आपल्या काळातल्या गावावरून घेतले होते. गावाला चार नावे मिळाली आणि चारही त्या त्या वर्षी खरी होती. पानावर चारही राहिली, आपापल्या सनासह राहिली, तर वाचणाऱ्या मुलाला शहराचा इतिहास कळतो. एकच राहिले तर फक्त शेवटी कोणाचा हात वर होता एवढेच कळते.

आता तिसऱ्या जातीचा वाद, आणि आमच्या दृष्टीने हाच सगळ्यांत कठीण. इथे एक पक्ष काही ठेवू पाहतो आणि दुसरा ते मुळातच नव्हते असे म्हणतो. याचे उदाहरण आम्ही दुसरीकडून आणणार नाही. आम्ही शिक्षक; आमच्या पेशातल्या एका बाईचे उदाहरण घेऊ. फातिमा शेख.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळांत शिकवणारी मुस्लिम स्त्री म्हणून फातिमा शेख यांचे नाव आज आपल्या प्रत्येक मुलींच्या शाळेत घेतले जाते. ९ जानेवारीला कार्यक्रम होतात. २०२२ मध्ये त्याच दिवशी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले. मग जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमांवर जाहीर केले की अशी कोणी बाई नव्हतीच, हे पात्र आपणच घडवले. एका दिवसात देशभर गदारोळ झाला. कोणी म्हणाले सगळे खोटे, कोणी म्हणाले सगळे खरे. असा गदारोळ बाहेर झाला की ज्ञानकोशाच्या पानावर काय होते हे सांगायला नको. ज्याने कधी एक ओळ लिहिली नाही तोही खोडायला किंवा भरायला धावतो.

आमच्या मंडळींतही त्या आठवड्यात बोलणी झाली. एक सर म्हणाले, पानावर जे आहे त्याच्या दुप्पट लिहू. जन्मतारीख, घर, भाऊ उस्मान शेख, शिक्षण, दारोदार फिरून मुली जमवल्या, सगळे लिहू. खोडतील तर पुन्हा लिहू. त्यांच्या रागाचे कारण आम्हा सगळ्यांना कळत होते. पण एका आपांनी शांतपणे विचारले, “सर, यातले कोणते वाक्य कोणत्या पुस्तकात आहे?” मग आम्ही पुस्तक काढले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला गेल्या होत्या. पुण्यातले काम मागे राहिले होते. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी त्या पत्रात लिहिले आहे.

इतकेच. पत्रात आडनाव नाही. जन्मतारीख नाही. भावाचे नाव नाही. ती काय शिकली, कुठे शिकली, काही नाही. पण जे आहे ते थोडे नाही. १८५६ साली पुण्यात फातिमा नावाची एक बाई सावित्रीबाईंच्या कामात इतकी जवळची होती की त्या नसताना भार तिच्यावर येत होता, आणि तो ती कुरकुर न करता उचलील असा त्यांना विश्वास होता. शिक्षकी पेशातल्या कोणालाही विचारा, सहकारी रजेवर गेला की दोन वर्ग एकत्र घेणे म्हणजे काय असते. आणि हे पुस्तक १९८८ चे आहे. २०२५ च्या दाव्याला याहून जास्त उत्तराची गरजच नव्हती. अभ्यासकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्या दिवसांत याच पुस्तकाकडे बोट दाखवले.

मग आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला की पानासाठी कोणते वाक्य योग्य. आमच्यातच दोन पक्ष पडले. सर म्हणत होते की ९ जानेवारी १८३१ ही तारीख काढू नये, कारण शाळेशाळांत ती पाळली जाते आणि गूगलनेही मानली. आपा म्हणत होत्या की ज्या तारखेमागे जुना कागद नाही ती तारीख शत्रूच्या हातात दिलेली काठी आहे. तारीख खोटी ठरली की तो म्हणणार, पत्रही खोटे. दोघांचे बोलणे तासभर चालले. यंत्राने आमच्यापुढे दोन चौकटी ठेवल्या नव्हत्या, पण चौकटी दोनच होत्या आणि दोन्हींत आपलीच माणसे होती.

उत्तर आम्हाला अखेर सापडले ते वाक्याच्या कर्त्यात. “त्यांचा जन्म ९ जानेवारी १८३१ रोजी झाला” असे लिहिले तर कोश स्वतः जबाब देतो, आणि त्याच्याकडे पुरावा नाही. “९ जानेवारी हा दिवस त्यांचा जन्मदिन म्हणून पाळला जातो, २०२२ मध्ये गूगलने त्या दिवशी त्यांचे चित्र प्रसिद्ध केले” असे लिहिले तर वाक्य खरे राहते, कारण पाळला जातो हे खरे आहे. उस्मान शेख यांच्या घरी फुले दांपत्याला आसरा मिळाला, ही हकीकत ज्या लेखकांनी दिली त्यांच्या नावाने द्यावी. त्या अस्तित्वात नव्हत्या हा दावाही, ज्याने केला त्याच्या नावाने आणि महिन्या-वर्षासह नोंदवावा, आणि त्याच्या पुढच्या ओळीत १९८८ चे पुस्तक व १८५६ चे पत्र. आमच्या सरांना ही शेवटची गोष्ट जड गेली. विरोधकाचे म्हणणे आपल्या हाताने का लिहायचे? आपा म्हणाल्या, “आपण नीट लिहिले नाही तर तो वाकडे लिहील.” सर हसले आणि त्यांनी ते वाक्य स्वतः टाइप केले.

ही रीत आम्हाला इंटरनेटने शिकवली असे कोणी समजू नये. आपल्याकडे ती फार जुनी आहे. पवित्र ग्रंथांची बरोबरी संगणकाच्या पानाशी करण्याचा आमचा हेतू नाही, तौबा. आम्ही फक्त ताडून पाहण्याच्या अदबीविषयी बोलत आहोत. हदीसचे दोन भाग असतात हे मदरशात जाणाऱ्या मुलालाही माहीत असते. एक मतन, म्हणजे सांगितलेली गोष्ट. दुसरी सनद, म्हणजे ही गोष्ट कोणी कोणाकडून ऐकली त्याची साखळी. साखळीतली एक कडी निसटली की विद्वान सावध होत. साखळीतल्या माणसांची चरित्रे तपासण्यासाठी अस्मा-उर-रिजाल नावाचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले: रावी कुठला, त्याची स्मरणशक्ती कशी, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला होता का. गोष्ट कितीही आवडती असली तरी सनद कच्ची असेल तर ती ‘जईफ’ म्हणून नोंदली जाई. दुसरीकडे इतिहासकार तबरी. ते इसवी सन ९२३ मध्ये वारले. एकाच घटनेच्या दोन-तीन वेगवेगळ्या हकीकती ते एकाखाली एक, प्रत्येकीची सनद जोडून देतात. एक ठेवून बाकीच्या बुडवण्याऐवजी त्यांनी वाचकाच्या हाती सगळ्या दिल्या.

विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर ‘इतिहास पहा’ असा दुवा असतो. तो उघडला की पहिल्या ओळीपासून आजपर्यंत कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदलले याची नोंद दिसते. कोणत्याही दोन अवस्था शेजारी ठेवून फरक पाहता येतो. खोडलेले वाक्य पानावरून जाते, पण नोंदीत राहते, आणि एका बटणात परत आणता येते. आम्हाला ही पानाची सनदच वाटते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की इथले रावी टोपणनावाने वावरतात. त्यांचे चारित्र्य, स्मरणशक्ती तपासायची सोय नाही. म्हणूनच इथे माणसाच्या शब्दावर काही चालत नाही, मागे छापील आणि तपासता येणारा आधार लागतो. आधार नसलेल्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लागते. अनेकांना ही चिठ्ठी अपमानासारखी वाटते. आमचा अनुभव असा की लावणाऱ्याचा हेतू काहीही असो, ती आपल्याला ग्रंथालयात पाठवते, आणि ग्रंथालयातून परत आलेला माणूस आधीपेक्षा कमी ओरडतो.

मतभेद जपून ठेवण्याचीही आपल्याला सवय आहे, फक्त ती आपण मशिदीच्या बाहेर वापरत नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. दोघांच्या हिशेबाने असरच्या नमाजची वेळ वेगळी सुरू होते. जिथे दोन्ही राहतात तिथल्या मशिदींत लावलेले वेळापत्रक पाहा. असरचे दोन रकाने असतात, एक शाफई, एक हनफी. छापणाऱ्याने कोणाची वेळ खोडली नाही. दोन्हींची सरासरी काढून भलतीच तिसरी वेळही छापली नाही. प्रत्येक वेळेच्या डोक्यावर ती कोणाची हे लिहिले. आमच्या स्टाफरूममध्येही दोन्ही आहेत. एकाचा तास दुसरा सांभाळतो आणि कोणाची नमाज चुकत नाही. कोणाचे मत ते नाव लिहून शेजारी ठेवण्याची ही पद्धत आम्हाला ज्ञानकोशाच्या निष्पक्षतेच्या नियमात जशीच्या तशी भेटली.

सरासरीचा मुद्दा आम्ही मुद्दाम काढला. वाद मिटवायचा म्हणून दोघांच्या मधले काहीतरी लिहून टाकणारे लोक भले असतात, पण त्यांनी पान बिघडते. एक म्हणतो फातिमा होत्या, दुसरा म्हणतो नव्हत्या, म्हणून “असाव्यात” असे लिहिणे हा न्याय झाला नाही. पत्र आहे तिथे ठाम लिहायचे, पत्र नाही तिथे सांगणाऱ्याच्या नावाने लिहायचे. ठामपणा किती ठेवायचा हे आधाराने ठरावे. समोरच्याच्या आवाजाने ठरू नये, तसेच आपल्या दुखावलेपणानेही ठरू नये.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि इथेच आपले लोक कमी पडतात असे आम्हाला दिसते. एकदा लिहिले, कोणी खोडले, की “बघा, आम्हाला लिहू देत नाहीत” म्हणून उठून जायचे. प्रत्येक पानामागे चर्चेचे पान असते. मराठी विकिपीडियावर सगळ्यांच्या बोलण्याच्या जागेला चावडी म्हणतात, उर्दू विकिपीडियावर दीवान-ए-आम. नावेच सांगतात की तिथे येऊन आपले गाऱ्हाणे मांडायचे असते. खाली सही करायची, म्हणजे आपण कोण आणि केव्हा बोललो ते राहते. वाक्य का खोडले असे सभ्यपणे विचारले तर खोडणारा पुष्कळदा उत्तर देतो. कधी त्याच्याकडे आपल्याजवळ नसलेले पुस्तक असते. कधी तो नुसता खोडसाळ असतो, आणि मग चर्चेच्या पानावर विचारलेला आपला प्रश्न अनुत्तरित राहिलेला सगळ्यांना दिसतो. तिसरा कोणी निर्णय देतो तेव्हा तो हेच पाहतो की कोणी आधार दिला आणि कोण न बोलता उलटवत राहिला. निघून गेलेल्या माणसाच्या बाजूने तिथे काहीच नसते.

वर्गात आम्ही आता हे मुलांकडून करून घेतो. एकाच घटनेवर दोन मुलांना वेगवेगळे लिहायला सांगायचे, मग दोघांना एकच परिच्छेद तयार करायला बसवायचे. अट एकच: दुसऱ्याचे वाक्य खोडायचे असेल तर कारण समासात लिहून खाली सही करायची. पहिल्या दिवशी भांडणे होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मुले पुस्तक मागायला येतात. आठवीतल्या एका मुलीने जोडीदाराचे वाक्य खोडून समासात लिहिले, “हे मला आवडले नाही.” थोड्या वेळाने तिनेच ती ओळ खोडली आणि लिहिले, “हे कुठे लिहिले आहे?” बी.एड.च्या कोणत्याही पाठ-टाचणात याहून चांगले उद्दिष्ट आम्ही लिहिलेले नाही.

फातिमांचे पान आम्ही अधूनमधून उघडतो. पान कोणा एकाच्या मालकीचे नाही, आमचेही नाही. उद्या कोणाला दप्तरखान्यात नवा कागद सापडला तर आमची वाक्ये बदलतील आणि बदललीच पाहिजेत. कोणी नुसत्या रागाने खोडली तर चर्चेच्या पानावर जाऊन विचारायला आम्ही आहोत. एक जुने पुस्तक जवळ ठेवायचे, पानाचा क्रमांक सांगायचा, सही करायची आणि उत्तराची वाट पाहायची. सावित्रीबाई माहेरी असताना मागे राहिलेले काम जिने उचलले तिच्या नावासाठी एवढी कुरकुर न करता करायला हरकत नसावी.